कडेने पाहिलेले वाळवंट

ओमानमध्ये आम्ही राहत होतो त्या गावाबाहेर, डांबरी रस्ता संपतो तिथून गाडीने थोडे आत गेले की एक एकटे झाड लागे. तिथले लोक त्याला गाफ म्हणत. उंटांची मान पोचेल तिथपर्यंतचा सगळा पाला खाल्ला गेल्यामुळे त्याची खालची कड कात्रीने कापल्यासारखी सरळ दिसे. माझ्या यजमानांनी पहिल्याच वर्षी त्याचा पाला हातात चुरगाळून, शेंग मोडून पाहून निकाल दिला होता, "अगं, ही शमी आहे." मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली, झाडांतले मला फारसे कळत नाही. पुढे पुस्तकात पाहिले तेव्हा त्यांचे म्हणणे खरे निघाले.

पुण्यात वाढूनही आम्ही दोघांनी शमी कधी पाहिली नव्हती. कोपऱ्यावरून आपट्याची पाने विकत आणायची, शेजारी वाटायची, वडीलधाऱ्यांच्या पाया पडायचे आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात सुकून पडलेले ते सोने केरसुणीने लोटायचे, एवढाच आमचा दसरा. पूजेच्या पुस्तकातली शमी प्रत्यक्ष भेटली ती अशी परक्या देशात, जिथे तिच्या आजूबाजूला दृष्टी पोचेल तिथवर दुसरे काहीही उभे नव्हते. यजमान तेव्हा तिथल्या सरकारी पाणीखात्यात भूजलाचे अभियंता होते आणि मी गावच्या लहानशा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करत असे. "दसऱ्याला शीव ओलांडायची असते," ते म्हणाले. "पुण्याला शीव कुठे संपते ते कुणाला माहीत? इथे बघ किती सोपं आहे. शेवटचा दिवा गेला की शीव."

तेव्हापासून दर दसऱ्याला कामावरून आल्यावर आम्ही त्या झाडाकडे जात असू. बुंध्याला हळदकुंकू वाहायचे, डब्यातली पुरी-भाजी खायची, अंधार पडायच्या आत परत. एका वर्षी तिथे उंट राखणारा एक म्हातारा आला. बुंध्यावरची हळद पाहून त्याने काळजीने विचारले, झाडाला काय झाले आहे? यजमान त्यांच्या तोडक्यामोडक्या अरबीत म्हणाले, "काही नाही. औषध आहे, आधीच लावून ठेवतो." म्हाताऱ्याने मान डोलावली. त्याला ते पटले असावे.

वाळवंट म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे वाळू येते. शब्दच तसा आहे. प्रत्यक्षात आमच्या भोवती होते ते बहुतांशी दगड. मैलोन्‌मैल पसरलेली सपाट खडी, आणि तिच्यातला एकेक दगड तव्यावरच्या भाकरीसारखा एकाच बाजूने भाजलेला. वरची बाजू काळपट, तुकतुकीत. उलटा करून पाहिला की खालून गव्हाळ. उत्तरेला उभ्या राहिलेल्या डोंगरांवर गवताची काडी नव्हती. यजमान सांगत की हा मुळात समुद्राच्या तळाच्याही खालचा खडक आहे. पृथ्वीने आपल्या पोटातले बाहेर काढून उन्हात ठेवले आहे. त्या डोंगरांच्या घळींमधून कोरड्या नद्या उतरत. कोरड्या म्हणून त्यांच्यात चालू लागावे, तर एखाद्या वळणावर कड्याच्या सावलीत हिरवे, थंड पाणी साचलेले असे आणि पाय सोडून बसले की इवलेसे मासे टाचा कुरतडायला येत. वाळूच्या टेकड्या दक्षिणेला होत्या, दीड-दोन तासांवर. त्यांचा माथा सुरीच्या धारेसारखा, आणि वारा असला की त्या धारेवरून सतत काहीतरी सांडत असल्यासारखे दिसे.

एकदा विहिरींच्या पाहणीसाठी यजमान आम्हा मायलेकींना मध्यभागातल्या पठारावर घेऊन गेले होते. पहाटे तंबूबाहेर आलो तर धुके. समुद्र कितीतरी लांब, पण रात्रीत तिथून धुके चालत आले होते आणि सगळी खडी ओली झाली होती. काटेरी झुडपांच्या टोकांवरून पाणी ठिबकत होते आणि बकऱ्या दगड चाटत होत्या. यजमान ओल्या दगडांवर हात फिरवत म्हणाले, "पाऊस नाही पडला तरी यांचं भागतं बघ." लेक तेव्हा लहान होती. तिनेही एक दगड चाटून पाहिला. मी तिच्या तोंडातून तो काढण्यात गुंतले आणि धुके विरताना पाहायचे राहून गेले.

हे सविस्तर सांगते आहे, कारण पुढे मला हे सगळे सांगावे लागले, आणि सांगताना कळले की आपल्याकडे फारसे काही जमा नाही.

आयर्लंडला आम्ही माझ्या नोकरीसाठी आलो. डून लेरीला घर घेतले. तिथून डार्टने, म्हणजे किनाऱ्यालगतच्या लोकलने, शहरातल्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत जाणे सोयीचे होते. यजमानांनाही काम मिळाले, पण उलट्या बाजूचे. "तिकडे पाणी शोधायचे पैसे मिळायचे," ते म्हणत, "इकडे घालवायचे मिळतात." रस्त्यांच्या कडेची गटारे, पुराचे पाणी, तुंबलेली शेते. ते त्यांनी निमूटपणे बरीच वर्षे केले. दसऱ्याला आम्ही देवापुढे कागदाची पाने ठेवत असू. शीव ओलांडायला इथे सगळीकडे ओलेच होते.

तीन-चार वर्षांपूर्वी एका रविवारी ते गवंड्याची लेव्हल घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभे असलेले मला दिसले. म्हणाले, "चौकट वाकली आहे. पाया खचतोय की काय ते बघतो." लेव्हलमधला बुडबुडा बरोबर मध्यभागी होता. त्यांनी चौकट चारही बाजूंनी तपासली, मग समोरच्या घराची भिंत पाहिली, तीही वाकलेली होती. तेव्हा कुठे त्यांनी एक डोळा झाकून पाहिले.

डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी झीज होण्याचा तो आजार. कडेचे दिसत राहते, मधले जाते. एका डोळ्याचे गेलेच होते. दुसरा टिकावा म्हणून डोळ्यात इंजेक्शने सुरू झाली. त्यांचे वाचन सुटले, गाडी सुटली आणि नोकरीही सुटली. मी संध्याकाळी घरी येई तेव्हा ते स्वयंपाकघरात कुकर लावून बसलेले असत. दिवसभर खुर्चीवर वाकून, काचेच्या बश्यांमधले जिवाणू पाहून माझी मान आखडलेली असे. बोलण्याची इच्छा मला एरवीही कमीच. त्या वेळी तर नसेच.

"आज वाळूचं सांग," ते म्हणत.

"कुठली वाळू?"

"टेकडीच्या माथ्यावरची. रंग कसा होता?"

"भाजलेल्या रव्यासारखा."

"उपम्याचा की लाडवाचा?"

"लाडवाचा. तुपावर, मंद आचेवर."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी करपलेला."

"करपलेला तुझ्या हातचा असतो. संध्याकाळची वाळू तांबूस होती."

"तुम्हाला आठवतंय, तर मला कशाला विचारता?"

"मला आठवतं ते बरोबर आहे का, ते बघायला."

तिकडे ते पाहत होते तेव्हा मी डब्याचे झाकण लागले आहे का ते पाहत होते, लेकीची टोपी शोधत होते, ऊन कुठून येते आहे त्याप्रमाणे चादर सरकवत होते. माझे वाळवंट गाडीच्या पुढच्या दोन आसनांमधल्या फटीतून पाहिलेले होते. तरी मी काहीबाही सांगत राही. तेही ऐकून घेत. मला वाटते, माझे चुकलेले त्यांना समजत असे.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात ते एकदाच, जेवताना, पानाकडे पाहत म्हणाले, "दुसरा डोळा आहे तोवर ते झाड एकदा बघून यावं म्हणतो. दसऱ्याला."

त्यांनी आयुष्यात माझ्याकडे फार थोड्या गोष्टी मागितल्या आहेत. मी लगेच हो म्हटले. अडचण एकच होती, रजा मागायची.

मागणे मला जमत नाही. आमच्या घरी काही मागायचे तर नकारही आपणच जोडून द्यायचा, म्हणजे समोरच्याला अवघड होऊ नये, अशी रीत होती. 'जमलं तर बघा, नाही जमलं तरी चालेल.' पन्नाशी उलटली तरी ही सवय गेली नाही. आमचे विभागप्रमुख माझ्यापेक्षा बरेच लहान आणि फार सभ्य गृहस्थ आहेत. त्यांच्या दारात उभी राहून मी म्हटले, "ऑक्टोबरातल्या त्या आठवड्यात आम्हाला बाहेर जायचं होतं. पण माणसं कमी पडत असतील तर राहीन मी. माझं काही नाही."

ते पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "आह, यू आर ग्रँड."

या देशात इतकी वर्षे काढल्यावर 'ग्रँड' म्हणजे काय हे मला माहीत आहे असे मी समजत होते. भव्य नव्हे, उत्तमही नव्हे, आपले 'चालेल'. म्हणजे जाणे चालेल. मी घरी येऊन तसे सांगितले आणि आम्ही तिकिटे काढली. यजमानांनी टोपी शोधून ठेवली.

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात पाळ्यांचा तक्ता लागला. त्यात सगळ्या दिवसांवर माझे नाव होते. मी प्रमुखांकडे गेले तेव्हा ते खरोखरच गोंधळले. "पण तुम्हीच म्हणालात ना, राहीन म्हणून? मी तर ते आभार म्हणून म्हटलं होतं." दोन जण आधीच रजेवर गेले होते. त्यांचा चेहरा इतका पडला की मीच म्हटले, "नाही, नाही, चालेल." आणि परत येऊन बसले.

घरी आल्यावर यजमानांना सांगितले.

"म्हणजे ग्रँड म्हणजे नक्की काय?" त्यांनी विचारले.

"चालेल."

"तुझं जाणं चालेल की राहणं चालेल?"

"तेच तर."

"आपलं तरी काय वेगळं आहे? तुझ्या आईला विचारलं होतं, मुलगा कसा वाटतो. म्हणाल्या, चालेल. मी अजून विचारात आहे."

आम्ही दोघे हसलो. टोपी त्यांनी स्वतःच पुन्हा कपाटात ठेवली. त्या दसऱ्याला मी सायंकाळच्या पाळीवर होते.

पुढच्याच महिन्यात दुसऱ्या डोळ्यात रक्त उतरले. एका सकाळी त्यांनी दूध कपाच्या शेजारी, नेमके टेबलावर ओतले आणि हात तसाच ठेवून म्हणाले, "तू कुठे आहेस?" मी समोरच होते. माझा आवाज आला त्या दिशेने त्यांनी पाहिले, पण जिथे माझा चेहरा असायला हवा तिथे, ते म्हणाले, एक करडा बोळा आहे.

झाडाविषयी त्यांनी नंतर एक शब्दही काढला नाही. आणि मी, आता काय उपयोग, असे म्हणून ते मनातून काढून टाकले. इतक्या दूर न्यायचे, त्या उन्हात उभे करायचे आणि त्यांना काही दिसू नये, यापेक्षा वाईट काय असेल? हे मी स्वतःला दयाबुद्धीने सांगत होते, आणि त्यात तथ्यही होते. पण खरे सांगायचे तर मी दमले होते. चार वाजता अंधारणारे दिवस, डार्टमध्ये उभ्याने प्रवास, घरी आल्यावर त्यांच्या डोळ्यांतले थेंब, पत्रे वाचून दाखवणे, कपड्यांच्या जोड्या लावणे. पुन्हा कुणाच्या दारात उभे राहण्याचे बळ नव्हते. कारण मिळाले, ते बरेच वाटले.

लेक कॉर्कजवळ रिंगास्किडीला औषधांच्या कारखान्यात काम करते. मराठी तिला सगळे समजते. उत्तर मात्र ती इंग्रजीतच देते, तेही इथल्या हेलात. तिचा रविवारी फोन आला तेव्हा मी म्हटले, "बाबांना आता तिकडे नेण्यात अर्थ नाही गं. त्यांना दिसणार नाही."

"ही कान्ट सी इट, ऑर यू आर टायर्ड, आई?"

मी म्हटले, "दोन्ही."

"राइट," ती म्हणाली. आणि वर, "ही विल बी ग्रँड."

त्या शब्दावर माझा विश्वास उरला नव्हता.

जानेवारीत एके दिवशी इंजेक्शन घेऊन आम्ही शहरातून परत येत होतो. दवाखान्यात एक बाई त्यांना नवे पाहणे शिकवत असे. सरळ बघू नका, जे बघायचे त्याच्या थोडे बाजूला किंवा वर बघा, म्हणजे ते कडेत येईल. यजमान घरी भिंतीवरच्या घड्याळावर याचा सराव करत आणि कंटाळत. डार्टमध्ये ते खिडकीशी बसले होते. मला वाटले, झोपले आहेत. सिडनी परेड स्थानक आले तसे ते एकदम उठले आणि म्हणाले, "उतरू या."

"आपलं स्टेशन लांब आहे अजून."

"माहीत आहे. समुद्र बाहेर गेलाय ना आत्ता? येताना बघितलं मी."

'बघितलं' हा शब्द त्यांनी कितीतरी दिवसांनी वापरला होता. मी त्यांच्या मागोमाग उतरले. रेल्वे फाटक ओलांडून आम्ही किनाऱ्यावर आलो. ओहोटीच्या वेळी तिथला समुद्र इतका मागे जातो की पाण्याची नुसती एक रेघ उरते, आणि मधे सगळी ओली, सपाट वाळू. दिवस करडा होता, थंडी बोचत होती. माझ्या बुटांत पाणी शिरले. एक माणूस कुत्र्याला घेऊन लांबवर चालला होता, तेवढाच.

यजमान मात्र उभे राहिले होते, पूर्वी झाडापाशी उभे राहत तसे, हात मागे बांधून.

"हे सगळं दिसतंय मला," ते म्हणाले.

मी विचारले, "सगळं म्हणजे?"

"इथून तिथवर. वाळूवरच्या वळ्या दिसतायत. तिकडे पाणी चमकतंय. डावीकडे ती दोन उंच धुराडी आहेत ना? सरळ बघितलं की जातात. जरा बाजूला बघितलं की परत उभी राहतात. लबाड आहेत." मग म्हणाले, "घरात काय होतं माहितेय? घरात जे काही बघायचं असतं ते मध्यभागी असतं. कप मध्यभागी, अक्षर मध्यभागी, माणूस मध्यभागी. इथे मधे काहीच नाही. म्हणून अख्खं दिसतंय."

मी बुटांतले पाणी विसरले असे म्हणणार नाही. पाय गारठून गेले होते. पण मनात एक गोष्ट सरकली आणि ती परत जागेवर बसेना. ज्या देशात मध्यभागी काहीच नसते, तो देश त्यांना दिसणार नाही, असे मी धरून चालले होते.

"ती खडी दिसेल तुम्हाला," मी म्हटले. "आणि डोंगर."

"दिसतील."

"झाड?"

ते हसले. "झाडाकडे न बघता बघावं लागेल."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्याच दारात उभी राहिले. येताना डार्टमध्ये एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून पाठ केले होते, त्याच्या पुढे शेपूट लागू नये म्हणून. "मला फेब्रुवारीत आठवडाभर रजा हवी आहे." एवढे म्हणून मी ओठ मिटून घेतले. पुढे जी शांतता आली ती भरून काढण्यासाठी नेहमीचे सगळे शब्द घशापर्यंत आले होते: जमलं तर, अडचण असेल तर, माझं काही नाही. मी दाराची कड धरून उभी राहिले.

प्रमुख म्हणाले, "यू आर ग्रँड."

माझे कान तापले. तरी विचारले, "म्हणजे हो की नाही?"

त्यांनी चष्मा काढला. ऑक्टोबर त्यांनाही आठवला असावा. "हो," ते म्हणाले. "म्हणजे हो. थांबा, तुमच्या समोरच लिहितो."

आम्ही गेलो. प्रवास दगदगीचा झाला आणि त्यात रम्य असे काही नव्हते. विमानतळावर ते दोनदा चुकीच्या रांगेत गेले. हॉटेलात न्हाणीघराच्या पायरीवर अडखळले. गाव वाढले होते. शेवटचा दिवा पूर्वीपेक्षा पुष्कळ पुढे सरकला होता, त्यामुळे शीवही. भाड्याच्या गाडीचा चालक तिथलाच तरुण होता. गाफच्या त्या झाडाचे वर्णन मी त्याला सांगू लागले तेव्हा तो म्हणाला, अशी पुष्कळ आहेत. मग मी सांगितले: खालची कड सरळ, आजूबाजूला काही नाही. आठवून पाहत, मागच्या आसनावरून मी त्याला वळणे सांगत गेले. दोन आसनांमधल्या फटीतून. एक वळण चुकले, ते यजमानांनी दुरुस्त केले.

झाड होते. जरा वाळले होते, एक फांदी मोडली होती. दसरा नव्हता, तरी मी हळदकुंकू नेले होते. बुंध्याला लावून मागे वळले तर यजमान झाडाकडे पाठ नव्हे, पण खांदा करून उभे होते. तोंड उत्तरेच्या काळ्या डोंगरांकडे, मान किंचित वर. बराच वेळ ते तसेच उभे होते. वारा फारसा नव्हता. उन्हाने खडी तुकतुकत होती आणि तिच्यावरून तेलासारखी हवा वाहत होती.

चालक माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "तुम्ही इतक्या लांबून हे झाड बघायला आलात ना? मग ते तिकडे काय बघतायत?"

"झाडच बघतायत," मी म्हटले.

त्याने एकदा झाडाकडे आणि एकदा त्यांच्याकडे पाहिले. अविश्वास दाखवण्याइतका तो असभ्य नव्हता.

"हळद लावलीस का?" यजमानांनी तिकडूनच विचारले.

"लावली."

"डाव्या अंगाला, मोडक्या फांदीच्या खाली. दिसली मला. पिवळं दिसतं अजून."

परत येऊन आता बरेच दिवस झाले. इंजेक्शने चालू आहेत. पाळ्या चालू आहेत, मान आखडते, चारऐवजी आता सहा-सातला अंधारते एवढाच फरक. संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत यजमान अजूनही वाळवंटाचे विचारतात, पण आता निम्मे तेच सांगतात आणि माझे चुकले तर चुकले म्हणतात. त्यातूनच हे लिहून ठेवावे असे वाटू लागले. इतक्या उशिरा लिहायला बसलेल्या माणसाने फार अपेक्षा ठेवू नयेत, हे मी जाणते.

एक बदल मात्र घरात झाला आहे. जेवताना ते माझ्याकडे पाहत नाहीत. माझ्या उजव्या कानाच्या वर, कपाटाच्या मुठीवर त्यांची नजर असते, आणि मधूनच म्हणतात, "आज दमलीस," किंवा "केस कापलेस वाटतं." आयुष्यभर मला कुणी टक लावून पाहिले की घास घशात अडकत असे; लग्नानंतर कितीतरी वर्षे मी त्यांच्यासमोरसुद्धा मान खाली घालून जेवले. आता ते कपाटाच्या मुठीकडे पाहतात आणि मी निवांत, समोर बघून जेवते.

"भाजीत मीठ कमी आहे," ते मुठीला म्हणतात.

"कुकर तुम्ही लावला होतात," मी म्हणते, "भाजीही तुम्हीच केलीत."

"चालेल मग," ते म्हणतात.